हिब्रू शास्त्रातील सात, चाळीस आणि सत्तर: संकेत किती, हिशेब किती?

प्रश्न: पर्वतीकर (पुणे)

पुण्यातील आमच्या वाचक मंडळात सध्या हिब्रू शास्त्राचे, म्हणजे ज्यू परंपरा ज्याला तनाख म्हणते आणि ख्रिस्ती परंपरा ज्याला जुना करार म्हणते त्याचे, मराठी भाषांतरातून क्रमवार वाचन चालू आहे. मंडळातील बहुतेक सभासद ना ज्यू आहेत ना ख्रिस्ती. महाभारत किंवा जातककथा ज्या वृत्तीने वाचाव्यात त्याच वृत्तीने आम्ही हे वाचत आहोत आणि उत्पत्तीपासून निघून राजांच्या पुस्तकांपर्यंत आलो आहोत. या वाटेत काही संख्या पुनःपुन्हा भेटतात. जलप्रलयात चाळीस दिवस पाऊस, मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस, रानातील भटकंती चाळीस वर्षे, गल्याथाचे आव्हान चाळीस दिवस, दावीदाचे राज्य चाळीस वर्षे आणि शलमोनाचेही चाळीसच.

गेल्या बैठकीत एका सभासदाने एक छापील तक्ता आणला. त्यात एक म्हणजे देवाचे एकत्व, दोन म्हणजे साक्ष, सहा म्हणजे मनुष्य, सात म्हणजे पूर्णत्व, आठ म्हणजे नवा आरंभ, असे प्रत्येक संख्येचे अर्थ दिलेले होते, आणि त्यावरून बराच वाद झाला. असा अर्थकोश शास्त्रातच कोठे दिला आहे काय? दावीदाने हेब्रोनात साडेसात वर्षे आणि यरुशलेमेत तेहेतीस वर्षे राज्य केल्याचे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मग त्याच ठिकाणी एकूण चाळीस म्हटले आहे त्याला इतिहास मानावे की संकेत? शेवटचा प्रश्न असा की, अक्षरांच्या किमती मांडून शब्दांचे गूढ अर्थ काढण्याची पद्धत शास्त्राइतकीच जुनी आहे, की ती नंतरची आहे?

प्रतिसाद १: डेक्कनवासी

असा कोश शास्त्रात कोठेही नाही. "सात म्हणजे पूर्णत्व" अशा अर्थाचे वाक्य एकाही पुस्तकात सापडणार नाही. हे अर्थ वाचकांनी उदाहरणांवरून काढलेले आहेत; त्यांतील काही भक्कम आहेत आणि काही केवळ तक्त्याचे रकाने रिकामे राहू नयेत म्हणून भरलेले दिसतात. मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला म्हणून सहा ही मनुष्याची संख्या, असे सांगितले जाते, परंतु त्याच दिवशी गुरेढोरे, सरपटणारे जीव आणि वनपशूही निर्माण झाले, आणि त्यांची संख्या कोणती हे तक्ता सांगत नाही.

सातची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे संहितेची रचनाच सातवर उभी आहे. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात मूळ हिब्रूत सात शब्द आणि अठ्ठावीस अक्षरे आहेत, दुसऱ्या वचनात चौदा शब्द आहेत, आणि सृष्टीच्या सात दिवसांच्या या संपूर्ण वृत्तांतात देवाचे 'एलोहीम' हे नाव ३५ वेळा येते. इतके योग एकाच उताऱ्यात जुळून येणे अपघाताने घडलेले नसावे. पुढे हीच सात कथेतून कायद्यात उतरते: सातवा दिवस शब्बाथ, सातवे वर्ष जमिनीच्या विश्रांतीचे, आणि सात गुणिले सात म्हणजे ४९ वर्षे सरल्यावर पन्नासावे योबेल वर्ष, ज्यात विकलेली वतने मूळ कुळांकडे परत जातात. यरीहोच्या वेढ्यात सात याजक सात रणशिंगे घेऊन सात दिवस फिरतात आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या घालतात. अरामी सेनापती नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो. जिथे संख्या कथेची चौकट बनते आणि तीच विधीचीही चौकट बनते, तिथे तिला सांकेतिक म्हणावे. जिथे ती एकदाच, जाता जाता येते, तिथे अर्थ शोधण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे.

आता चाळीसकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. चाळीस ही परीक्षेची संख्या आहे असे तक्ते सांगतात आणि ते अर्धे खरे आहे. गणना या पुस्तकात हेरांनी देश पाहण्यास चाळीस दिवस घेतले म्हणून एका दिवसाला एक वर्ष या प्रमाणात चाळीस वर्षांची शिक्षा स्पष्ट शब्दांत ठरवली जाते, आणि त्या काळात इजिप्तमधून निघालेली प्रौढ पिढी रानात संपते. म्हणजे चाळीस वर्षे हे एका पिढीचे माप आहे. शास्ते पुस्तकात देशाला चाळीस वर्षे स्वस्थता मिळाली असे अथनिएल, दबोरा आणि गिदोन या तिघांच्या बाबतीत म्हटले आहे आणि एहूदाच्या बाबतीत ऐंशी, म्हणजे दोन पिढ्या. इजिप्तमधून निघाल्यापासून शलमोनाने मंदिर बांधावयास घेईपर्यंत ४८० वर्षे झाली, असे राजांचे पहिले पुस्तक म्हणते. ही संख्या १२ गुणिले ४० आहे, आणि शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे ४४० आहे. आई मुलाला "पन्नास वेळा सांगितले" म्हणते तेव्हा कोणी मोजत बसत नाही, तरी बोलणे खोटे ठरत नाही. चाळीसचा हा वापर त्याच जातीचा आहे.

हा संकेत केवळ इस्राएलापुरता नव्हता याचा एक शिलालेखीय पुरावा आहे. मवाबाचा राजा मेशा याचा इसवी सनपूर्व नवव्या शतकातील शिलालेख १८६८ मध्ये धीबान येथे उजेडात आला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा म्हणतो की, इस्राएलाचा राजा अम्री याने मेदबाचा प्रदेश स्वतःच्या दिवसांत आणि आपल्या पुत्राच्या अर्ध्या दिवसांत, चाळीस वर्षे, ताब्यात ठेवला. राजांच्या पुस्तकानुसार अम्रीची कारकीर्द १२ वर्षांची आणि त्याचा पुत्र अहाब याची २२ वर्षांची; बारा अधिक अकरा म्हणजे फार तर २३ होतात. अर्थात शेजारच्या शत्रुराष्ट्राचा राजाही "एका पिढीचा काळ" सांगायचा असेल तेव्हा चाळीसच म्हणत होता.

दावीदाच्या बाबतीत शमुवेलात सात वर्षे सहा महिने आणि तेहेतीस अशी फोड आहे, तर राजांच्या पहिल्या पुस्तकात सहा महिने गाळून सात अधिक तेहेतीस अशी स्वच्छ बेरीज दिली आहे. जाता जाता एक नोंद करतो: लेवीय पुस्तकात मुलगा झाल्यावर मातेच्या शुद्धीकरणाचा काळही सात अधिक तेहेतीस असा चाळीस दिवसांचा आहे. त्यावरून मी काही सिद्ध करू इच्छित नाही, पण नजरेआडही करवत नाही.

प्रतिसाद २: उपासनागृहाच्या आळीतून (रास्ता पेठ)

अक्षरांच्या किमतींविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू, घरांतून हा विषय लहानपणापासून कानावर असतो. हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरांना एक ते चारशेपर्यंत किमती दिल्या जातात आणि शब्दाच्या अक्षरांची बेरीज करून दुसऱ्या शब्दाशी किंवा संख्येशी नाते जोडले जाते. त्याला गेमाट्रिया म्हणतात. परंतु शास्त्राच्या संहितेत संख्या अक्षरचिन्हांनी लिहिलेल्या नाहीत, त्या पूर्ण शब्दांत लिहिलेल्या आहेत. यरुशलेमेतील शिलोहाच्या भुयारातील इसवी सनपूर्व आठव्या शतकातील लेखातही बाराशे हातांचे अंतर शब्दांतच कोरलेले आहे, आणि अराद व शोमरोन येथील खापरांवरच्या जमाखर्चात इजिप्शियन पद्धतीची अंकचिन्हे आढळतात. अक्षरांनी वर्ष दर्शवण्याची प्रथा ठळकपणे दिसते ती रोमनांविरुद्धच्या पहिल्या उठावातील, म्हणजे इसवी सन ६६ नंतरच्या, रौप्य नाण्यांवर. त्यामुळे मोशे किंवा यशया यांच्या काळातील लेखकाने अक्षरांची बेरीज मनात धरून शब्द निवडले असे म्हणणे धाडसाचे होईल.

तरीही ही पद्धत पोरकट आहे असे समजू नये, कारण रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, ती बहुधा संहितेतील एखाद्या अडचणीवर बोट ठेवण्यासाठी वापरली. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राहाम पुतण्या लोटाला सोडवण्यासाठी ३१८ माणसे घेऊन निघतो. चाळीस नाही, सत्तर नाही, नेमकी ३१८ का? रब्बींच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तल्मूदात एक उत्तर असे आहे की ती एकाच माणसाची संख्या आहे: पुढच्याच अध्यायात येणारा अब्राहामाचा सेवक अलियेजर, ज्याच्या नावाची अक्षरे १, ३०, १०, ७०, ७ आणि २०० अशी मिळून बरोबर ३१८ होतात. 'तोरा' (शास्त्रातील पहिली पाच पुस्तके) या शब्दाची बेरीज ६११ होते, आणि दहा आज्ञांपैकी पहिल्या दोन लोकांनी थेट देवाकडून ऐकल्या म्हणून त्या दोन मिळवून ६१३ आज्ञा होतात, अशीही एक मांडणी तल्मूदात आहे. त्यांतील ३६५ निषेध सौर वर्षाच्या दिवसांइतके आणि २४८ विधी शरीराच्या अवयवांइतके मानले आहेत. आजही देणगी देताना अठरा किंवा अठराच्या पटीतील रक्कम निवडतात, कारण 'जिवंत' या अर्थाच्या शब्दाची किंमत अठरा होते. पंधरा लिहिताना दहा आणि पाच यांची अक्षरे जोडली तर देवाच्या नावाचा भाग तयार होतो, म्हणून नऊ आणि सहा यांची अक्षरे लिहितात.

संख्येविषयीची सावधगिरी आचारातही आहे, आणि ती तक्त्यांत कधीच नसते. सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात, पण जमलेल्या माणसांकडे बोट दाखवून एक, दोन, तीन असे मोजत नाहीत. अठ्ठाविसाव्या स्तोत्राचे शेवटचे वचन हिब्रूत दहा शब्दांचे आहे, त्याचा एकेक शब्द एकेका माणसाला लावतात. याचे मूळ निर्गमातील त्या आज्ञेत आहे, जिथे शिरगणती करताना प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा म्हणजे मरी येणार नाही, असे म्हटले आहे. दावीदाने केलेल्या शिरगणतीनंतर मरी आलीच.

डेक्कनवासी यांनी शब्बाथाविषयी लिहिले आहे त्याला एक स्थानिक जोड देते. कोकणात आमच्या पूर्वजांचा धंदा तेल गाळण्याचा होता आणि शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्या लोकांजवळ ग्रंथ फारसे उरले नव्हते, पण सातवा दिवस टिकून राहिला होता.

प्रतिसाद ३: निवृत्त गणित शिक्षक (कोथरूड)

माझा विषय गणित असल्याने मला मोहात पाडणाऱ्या संख्या पूर्वजांच्या वयाच्या आहेत. अब्राहाम १७५ वर्षे जगला, इसहाक १८०, याकोब १४७ आणि योसेफ ११०. आता १७५ म्हणजे ७ गुणिले ५ चा वर्ग, १८० म्हणजे ५ गुणिले ६ चा वर्ग, १४७ म्हणजे ३ गुणिले ७ चा वर्ग. आणि ११० म्हणजे ५, ६ आणि ७ यांच्या वर्गांची बेरीज. पहिल्या तिघांचे गुणक वेगळे मांडून मिळवले, ७+५+५, ५+६+६, ३+७+७, तर प्रत्येक वेळी १७ येतात. योसेफ घरातून विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि याकोब इजिप्तमध्ये सतरा वर्षे राहिला, हेही संहितेतच आहे.

इथपर्यंत सारे सुंदर आहे, पण विद्यार्थ्याला मी इथेच थांबवले असते. सारा १२७ वर्षे जगली आणि इश्माएल १३७. या दोन्ही मूळ संख्या आहेत, त्यांची अशी कोणतीही फोड होत नाही. चार नावे जुळली म्हणून उरलेली गाळायची, हा पुरावा होत नाही. एकशे दहाचे वय मात्र मला खरोखर अर्थपूर्ण वाटते, कारण इजिप्शियन लेखनात ते आदर्श दीर्घायुष्य मानले जात असे, आणि योसेफ इजिप्तचाच मंत्री होता.

कोणत्याही संख्येवर इमारत उभारण्यापूर्वी ती संख्या सर्व प्रतींत तीच आहे काय, हे आधी पाहावे. नोहाचा पिता लामेख प्रमाण हिब्रू संहितेत ७७७ वर्षे जगतो, ग्रीक भाषांतरात ७५३ आणि शोमरोनी पंथाने जपलेल्या हिब्रू संहितेत ६५३. याकोबाबरोबर इजिप्तमध्ये गेलेली माणसे हिब्रूत सत्तर आहेत, ग्रीकमध्ये पंच्याहत्तर. आणि मृत समुद्राजवळील कुमरान येथील गुहांत सापडलेल्या निर्गमाच्या हिब्रू हस्तलिखितातही पंच्याहत्तरच मिळाल्याने तो निव्वळ ग्रीक भाषांतरकाराचा खेळ म्हणता येत नाही.

६६६ बद्दल कोणी विचारण्याआधीच लिहून ठेवतो: ती श्वापदाची संख्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या प्रकटीकरणातील आहे, हिब्रू शास्त्रातील नाही. हिब्रू शास्त्रात ६६६ येते ते शलमोनाकडे एका वर्षात आलेल्या सोन्याचे किक्कार या मापातील वजन म्हणून आणि एज्राच्या यादीत अदोनीकामाच्या वंशजांची संख्या म्हणून. नहेम्याच्या यादीत तेच वंशज ६६७ आहेत.

प्रतिसाद ४: पर्वतीकर

सर्वांचे आभार. तिसऱ्या प्रतिसादातील लामेखाची तीन वये पुढच्या बैठकीत मांडणार आहे. एक उपप्रश्न विचारतो: आम्ही लवकरच यिर्मयापर्यंत पोचू. तेथे बाबेलाच्या दास्याची सत्तर वर्षे सांगितली आहेत. ही सत्तर पिढीच्या चाळीससारखी गोल आहे की मोजलेली?

प्रतिसाद ५: देवविद्येचा विद्यार्थी

दोन्ही, आणि म्हणूनच ती सर्वांत रंजक आहे. यरुशलेमेचे मंदिर इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास पडले आणि पारसाचा राजा कोरेश याने ५३८ च्या सुमारास परतीची मुभा दिली. हे अंतर पन्नास वर्षांहूनही कमी आहे. परंतु मंदिराच्या पतनापासून नवे मंदिर ५१५ मध्ये पुरे होईपर्यंत मोजले तर सत्तर जवळजवळ नेमकी भरतात. यिर्मयाला स्वतःला हिशेब अभिप्रेत होता असे मला वाटत नाही. यशयाच्या पुस्तकात सोर नगरी सत्तर वर्षे, एका राजाच्या आयुष्याइतकी, विस्मृतीत राहील असे म्हटले आहे, आणि नव्वदाव्या स्तोत्रात माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे आहे. म्हणजे आज दंड भोगणारा माणूस परतीचा दिवस पाहणार नाही, एवढाच त्याचा रोख असावा. अश्शूरचा राजा एसर्हद्दोन याच्या लेखांत तर असे आहे की, मर्दूक देवाने बाबेलाच्या ओसाडपणासाठी सत्तर वर्षे लिहिली होती, पण दया येऊन त्याने तो आकडा उलटा केला आणि अकरा वर्षे केली. कीलाक्षर लिपीत साठची आणि एकची खूण एकच आहे; साठची आणि दहाची खूण ओळीने मांडली की सत्तर होतात, आणि क्रम उलटला की तीच चिन्हे अकरा वाचली जातात. नगराच्या शिक्षेसाठी सत्तर वर्षे हा त्या प्रदेशातील रूढ संकेत होता, हे यातून दिसते.

इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या लेखकाने या सत्तरला लेवीय पुस्तकाशी जोडले: देशाने आपले राहिलेले शब्बाथ भरून काढेपर्यंत ती भूमी पडीक राहिली. पुढे दानीएलाच्या नवव्या अध्यायात तीच सत्तर वर्षे सत्तर सप्तके, म्हणजे ४९० वर्षे, होतात. एकाच संख्येचा शास्त्राच्या आतच दोनदा नवा अर्थ लावला गेला आहे.

डेक्कनवासी यांच्या विवेचनाला मात्र एक पुरवणी जोडतो, कारण त्यातून सगळेच आकडे गोल आहेत असा समज होऊ शकतो. राजांच्या पुस्तकात दावीद आणि शलमोन यांना चाळीस-चाळीस वर्षे दिल्यानंतर लगेच आकडे खडबडीत होतात: रहबाम १७, आसा ४१, हिज्कीया २९, योशीया ३१. इथून पुढे लेखक दरबारी बखरींचा हवाला देत जातो, आणि अश्शूरी लेखांशी त्याचे आकडे ताडून पाहता येतात. करकर येथील ८५३ च्या लढाईत अहाब हजर होता आणि ८४१ मध्ये इस्राएलाचा नंतरचा राजा येहू याने खंडणी दिली, असे अश्शूरचा राजा शल्मनेसर याचे लेख सांगतात. मधल्या दोन राजांना शास्त्र २ आणि १२ वर्षे देते, आणि राज्यारोहणाचे अपुरे वर्षही पूर्ण मोजण्याची रीत लक्षात घेतली की १४ ची वास्तविक १२ होतात. तेव्हा संकेत आणि नोंद एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत, आणि पानागणिक आपल्याला ठरवावे लागते.

प्रतिसाद ६: डेक्कनवासी

पुरवणी मान्य आहे. आपल्या मंडळाला काव्यातील संख्यांकडेही पाहावेसे वाटेल म्हणून संदेष्टा आमोस याच्या पुस्तकाची शिफारस करतो. "तीन अपराधांमुळे, चार अपराधांमुळे" हा त्याचा चढता साचा सीरियातील उगारित येथील, म्हणजे आजच्या रास शाम्रातील, जुन्या काव्यातही सात आणि आठ अशा जोड्यांत सापडतो. आमोस दमास्कसापासून आरंभ करून शेजाऱ्यांना एकामागून एक दोषी ठरवतो आणि सातव्या क्रमांकावर यहूदा येतो. सात पुरे झाले म्हणून उत्तरेकडील श्रोता निश्चिंत होतो, आणि आठवे नाव त्याच्या स्वतःच्या इस्राएलाचे निघते. ही योजना ऐकणाऱ्याच्या कानात सातची सवय असल्याशिवाय चाललीच नसती.

प्रतिसाद ७: उपासनागृहाच्या आळीतून (रास्ता पेठ)

दानीएलाचा उल्लेख झालाच आहे तर मराठी वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक संख्या सुचवते. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे मानणाऱ्या आपल्या प्रदेशात दानीएलातील "एक काळ, दोन काळ व अर्धा काळ" वाचून कोणी दचकत नाही. दोहोंचा परस्परसंबंध मात्र काही नाही. तिथे साडेतीन म्हणजे सातचा अर्धा, म्हणजे जुलमाचा असा काळ जो पूर्णत्वाला पोचण्याआधीच तोडला जातो. अभ्यासक या भागाचा संबंध सीरियाचा ग्रीक राजा अंत्युखस चौथा याने इसवी सनपूर्व १६७ मध्ये मंदिर विटाळल्याशी लावतात. परंतु पुस्तकाच्या शेवटच्या वचनांत याच काळाला १२९० दिवस आणि लगेच पुढे १३३५ दिवस असे दोन आकडे दिले आहेत, आणि त्यांत सात नाही, चाळीस नाही, सत्तरही नाही. तीस दिवसांचा महिना धरला तर ते ४३ आणि साडेचव्वेचाळीस महिने होतात, आणि साडेतीन वर्षांचे ४२. सांगितलेली मुदत टळली आणि वाट पाहणाऱ्या कोणी तरी ती दोनदा वाढवली, असा त्यांचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात, आणि मलाही तो पटतो.